बाजारहाट : चहा पिऊन मग बोला

हल्ली कोणत्याही दुकानाची पायरी चढण्याआधी माणूस खिशातून मोबाइल काढतो. मिसळ कुठली चांगली, चप्पल कुठे खात्रीची मिळते, दाताचा डॉक्टर कोणता, मुलीच्या लग्नाला हॉल कोणता घ्यावा, सगळ्याचे उत्तर त्या चार बोटांच्या काचेवर शोधले जाते. दुकानाचे नाव, खाली पाच स्टार, त्यापुढे आकडा आणि त्याखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय. पूर्वी आपण शेजारणीला विचारत होतो, ‘काय गं, त्या शिंप्याकडे माप बरोबर येतं का?’ आता तीच विचारणा आपण न पाहिलेल्या हजार माणसांकडे करतो.

यात वाईट काही नाही. गुगलच्या नकाशाची सेवा २००५ साली सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत त्या नकाशावरच्या दुकानांना लोक शेरे देऊ लागले. खाण्यापिण्याच्या ठिकाणांसाठी आपल्या देशात २००८ साली निघालेली कंपनी पुढे झोमॅटो या नावाने घराघरांत गेली. आज कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेचे नाव मोबाइलवर टाका, त्या पेठेतली दुकाने ओळीने समोर उभी राहतात. एका पेठेचा जणू हजेरीपटच! पण हजेरीपट वाचतानाही दोन गोष्टी बघाव्या लागतात. हजर कोण आहे, आणि हजर असूनही ज्याचे नावच पटावर घातलेले नाही असा कोण आहे? आजच्या सदरात याच दोन गोष्टी बोलू.

आधी आकडा कसा वाचावा

समजा, एका गल्लीत चहाची दोन दुकाने आहेत. पहिल्याला पूर्ण ५ स्टार आहेत. दुसऱ्याला ४.३ आहेत. तुम्ही कुठे जाल? बहुतेक जण पहिल्याकडे वळतील. पण जरा स्टारच्या पुढचा कंसातला आकडा बघा. पहिल्याला फक्त ४ जणांनी शेरा दिला आहे, दुसऱ्याला ६०० जणांनी. ते चार जण मालकाचे मेहुणे, भाचे आणि शेजारी असू शकतात. सहाशे माणसे काही कुणाची पाहुणे-रावळे नसतात.

आता त्या दोघांनाही एखाद्या रागावलेल्या गिऱ्हाइकाने १ स्टार दिला. साधी सरासरी काढली तर पहिल्या दुकानाचे ५ वरून एकदम ४.२ होतात. दुसऱ्याचे ४.३ जवळजवळ जसेच्या तसे राहतात. म्हणजे ज्याला बोलणारी माणसे थोडी, त्याला एक वाकडा शब्दही महागात पडतो. हे गणित पाचवीतल्या मुलाला येते, पण आपण मोठी माणसे ते विसरतो.

दुसरी गोष्ट, सरासरी पोटातले सांगत नाही. दहा जणांनी प्रत्येकी ३ स्टार दिले तरी सरासरी ३ येते. पाच जणांनी ५ दिले आणि पाच जणांनी १ दिला तरी ३ च येते. पहिले दुकान मध्यम आहे. दुसऱ्या दुकानात मात्र काहीतरी भानगड आहे. एखादे वेळी माल चांगला, एखादे वेळी खराब, किंवा कुणीतरी मुद्दाम चढवतोय आणि कुणीतरी मुद्दाम पाडतोय. म्हणून स्टार बघून थांबू नये, खालचे चार शेरे वाचावेत. त्यातही सगळ्यात अलीकडचे वाचावेत. पाच वर्षांपूर्वीचा आचारी आज त्या हॉटेलात असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, शेऱ्यात मजकूर किती आहे ते बघा. ‘लई भारी’, ‘एक नंबर’ एवढ्याने काही कळत नाही. ‘रस्सा तिखट आहे पण मागितला तर कट वेगळा देतात, बसायला जागा कमी, दुपारी दोननंतर संपते’ हा खरा शेरा. जो माणूस तिथे जाऊन बसला, त्यालाच हे लिहिता येते.

एका शेऱ्याचे वजन

कुणी म्हणेल, एवढे काय त्या चांदण्यांचे? मग हे ऐका. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे मायकेल लुका यांनी सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष मांडला, की येल्प नावाच्या तिकडच्या सेवेवर एक स्टार वाढला तर उपाहारगृहाची विक्री ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. हा परिणाम एकट्यादुकट्या मालकाच्या उपाहारगृहांवर झाला. गावोगाव शाखा असलेल्या मोठ्या नावांवर झाला नाही. मोठ्या कंपनीचे नाव लोकांना आधीच ठाऊक असते. छोट्याला मात्र लोकांच्या शब्दावरच उभे राहावे लागते.

म्हणजे बघा, स्टारची गरज सगळ्यात जास्त कुणाला? ज्याच्या मागे जाहिरात नाही, भांडवल नाही, बापजाद्यांची पेढी नाही, त्याला. आपल्या वस्तीतला पोरगा कर्ज काढून मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकतो, आपली बहीण घरात मेस चालवते, दोघी-तिघी मिळून पापड-चटणी करतात, त्यांना.

नकाशावर कोण आहे, कोण नाही

आता कोल्हापूरचा नकाशा उघडून बघू. अंबाबाईच्या देवळाभोवतीचा परिसर, महाद्वार रोड, भवानी मंडप, चप्पल लाइन इकडे शेऱ्यांची रेलचेल असते. मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा, लॉज, चपलांची दुकाने. याचे कारण सोपे आहे. इथे बाहेरगावचा माणूस येतो. तो अनोळखी गावात असतो, म्हणून मोबाइल बघतो आणि जाताना शेराही लिहून जातो. पाहुणा बोलतो, म्हणून पाहुण्याची दुकाने नकाशावर उजळतात.

आता शिवाजी उद्यमनगरात या. लेथवर काम करणारा कारागीर, साचे बनवणारा, छोटी फौंड्री चालवणारा. याचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरा कारखानदार. तो फोन करतो, माल नेतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा येतो. त्याचे पुन्हा येणे हाच त्याचा शेरा. पण ते कुठे लिहिले जात नाही. तीच गोष्ट गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची, इस्त्रीवाल्याची, कोपऱ्यावर पेटी घेऊन बसणाऱ्या चपला शिवणाऱ्याची, बॅन्डवाल्यांची, हातगाडीवर भाजी विकणाऱ्या मावशीची. गल्लीचा अर्धा संसार यांच्या जिवावर चालतो आणि नकाशावर त्यांच्या जागी कोरी जागा दिसते. परगावच्या माणसाने नुसता मोबाइल बघून आपल्या पेठेची कल्पना केली, तर त्याला वाटेल इथले लोक रोज मिसळ खाऊन नव्या चपला घेतात, पीठ कधी दळतच नाहीत!

चपलांचे बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना तो हक्क आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. तेव्हा आपल्याकडे मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला कोल्हापुरीचे ऋण मान्य करावे लागले. राग रास्तच होता. पण तोच प्रश्न जरा घराजवळ आणून बघा. चप्पल लाइनीतल्या दुकानाला स्टार मिळतात. ती चप्पल सुभाषनगरात मांडी घालून ज्या हातांनी शिवली, कातड्याच्या वादीने टाके घातले, पट्ट्याची वेणी घातली, त्या हातांना किती मिळतात? दुकानाचे नाव नकाशावर आहे, कारागिराचे नाही. मिलानच्या शोमध्ये कोल्हापूर गाळले गेले. कोल्हापूरच्या नकाशात सुभाषनगरचा कारागीर गाळला जातो. चपलेवर शेरा लिहिताना दुकानदाराला एवढे विचारा, ‘ही कुणी केली?’ त्याने नाव सांगितले तर कारागिराच्या परवानगीने ते लिहा. तेवढ्याने त्याची मजुरी वाढणार नाही, पण त्याच्याकडे थेट जाण्याची वाट तरी कुणाला दिसेल.

न पिता दिलेला शेरा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शेरा मालावर आहे की माणसावर, हे ओळखायला शिकले पाहिजे. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच गावात मोबाइल येण्याच्या कितीतरी वर्षे आधी घडलेला आहे.

गंगाराम कांबळे हे नाव आपल्या घरांत ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत ते नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना गुरासारखे मारले. महाराज त्या वेळी गावी नव्हते. परत आल्यावर त्यांना कळले, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. त्याचे नाव सत्यसुधारक हॉटेल.

चहा चांगला होता, स्वच्छता होती. पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराने केलेला चहा पिणार कोण? आजच्या भाषेत सांगायचे तर लोकांनी एक घोटही न घेता त्या चहाला शून्य स्टार दिला होता.

महाराजांच्या कानावर हे गेले. मग त्यांनी आपली गाडी त्या रस्त्याने न्यायची, हॉटेलासमोर थांबवायची आणि गंगारामांकडून चहा मागवून भर रस्त्यात प्यायचा, असा परिपाठ सुरू केला. सोबत असलेल्या बड्या मंडळींनाही तो चहा प्यावा लागे. कामे घेऊन, सह्या घ्यायला येणाऱ्यांनाही आधी गंगारामांचा चहा, मग सही. राजाच पितो म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांची तोंडे बंद झाली. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. त्यानंतर नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारायला जे पुढे आले, त्यांत गंगाराम कांबळे आघाडीवर होते. मिळालेल्या शब्दाची जाण अशी असते.

या गोष्टीत आपण नेहमी महाराजांचे मोठेपण बघतो आणि ते खरेच आहे. पण बाजाराच्या अंगानेही जरा बघा. महाराज गंगारामांना नुसती देणगी देऊन मोकळे झाले नाहीत. ते गिऱ्हाईक झाले. चारचौघांत, उघड्यावर, पुन्हा पुन्हा. धंदा करणाऱ्याला उघड गिऱ्हाइकासारखी दुसरी मदत नाही.

आज कुणी उघडपणे म्हणणार नाही की अमक्या जातीचा चहा पिणार नाही. कायदाही तसे म्हणू देत नाही. पण आडनाव वाचून मत बनवण्याची खोड गेली आहे का? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. माणूस बघितला नाही, काम बघितले नाही, नुसते नाव बघितले. ३१ जुलै २०१९ ला जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट देशभर गाजली. जेवण आणणारा पोरगा परधर्माचा म्हणून त्याने झोमॅटोची ऑर्डरच रद्द केली होती. कंपनी त्याच्यापुढे नमली नाही, हे चांगले झाले. पण प्रत्येक जण असे उघड लिहीत नाही. पुष्कळ जण गुपचूप १ स्टार देऊन मोकळे होतात.

म्हणून शेरे वाचताना डोळे उघडे ठेवा. ‘चहा पाणचट होता’ हा चहावरचा शेरा. तो मालकाने मुकाट ऐकून घ्यावा आणि दुसऱ्या दिवसापासून दूध वाढवावे. ‘त्या भागातली वस्ती बरी नाही’, ‘तिथे येणारे लोक आपल्यातले नाहीत’ हा चहावरचा शेरा नव्हे. न पिता दिलेला शेरा तो. खासबागेत कुस्ती न बघताच निकाल सांगणाऱ्याला कोल्हापूरकर काय म्हणतील? तेच याला म्हणावे. असा मजकूर दिसला तर प्रत्येक शेऱ्याजवळ तक्रारीची सोय असते, ती वापरावी.

आणि हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. केवळ आपल्या माणसाचे दुकान म्हणून खराब मालाला पाच स्टार देऊ नयेत. त्याने त्याचे नुकसानच होते. त्याला बाजूला घेऊन सांगावे, ‘दादा, शिलाई उसवते, जरा बघ.’ सुधारला की मग चारचौघांत लिहावे.

घरबसल्या कमाईचे जाळे

शेऱ्यांना एवढी किंमत आली म्हटल्यावर खोटे शेरेही आलेच. गुगलने २०२३ या एका वर्षात नियम मोडणारे १७ कोटींहून अधिक शेरे अडवले किंवा काढले, असे त्या कंपनीनेच सांगितले आहे. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. शेरा विकत घेऊ नये, लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, वाईट शेरे दडवू नयेत, असा त्याचा रोख आहे.

पण माय-भगिनींनो, यातला एक धोका थेट आपल्या घरात शिरतो. मोबाइलवर निरोप येतो, ‘घरबसल्या हॉटेलांना स्टार द्या, रोज हजार-दोन हजार कमवा.’ बेकार पोरगा किंवा घरी असलेली सूनबाई मोहाला पडते. पहिल्या दिवशी दीड-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. विश्वास बसतो. मग सांगतात, मोठे काम हवे असेल तर आधी दोन हजार भरा. मग दहा हजार. मग पन्नास. आकडा मोबाइलवर वाढताना दिसतो, हातात मात्र येत नाही. काढायला गेले की आणखी भरा म्हणतात. बचत गटाचे, फीचे, लग्नाचे पैसे असे गेलेली घरे आहेत. एक नियम देव्हाऱ्यासारखा भिंतीवर लिहून ठेवा : काम देणारा कधी कामगाराकडून पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लाज धरून बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. आणि दुकानदाराने मालात किंवा सेवेत फसवले असेल तर ग्राहकांसाठीचा क्रमांक १९१५ आहे.

धंदेवाल्या भावांनाही एक सांगणे. ‘तुमच्या दुकानाला पन्नास पाच-स्टार मिळवून देतो, इतके पैसे द्या’ असे फोन येतात. त्यांना दारात उभे करू नका. गुगलच्या नकाशावर दुकान नोंदवायला एक पैसा लागत नाही. नाव, पत्ता, फोन आणि वेळ भरायची. दुकान आपलेच आहे हे दाखवण्यासाठी फोनवर किंवा व्हिडिओने खातरजमा करतात, एवढेच. घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा, तो करून देईल. कुणी वाईट शेरा दिला तर भांडू नका. खाली दोन ओळींत नम्रपणे उत्तर द्या. ते उत्तर त्या एकासाठी नसते. पुढे वाचणाऱ्या शंभरांसाठी असते.

या रविवारचे काम

आता तुमच्या-आमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून आपल्या गल्लीतली तीन ठिकाणे ठरवा. जिथे आपण वर्षानुवर्षे जातो पण ज्यांच्यावर कुणी शब्द लिहिलेला नाही अशी. पिठाची गिरणी असेल, सायकलचे दुकान असेल, आठ वाजता गाडी लावणारी आंबोळीवाली असेल. आधी त्यांना विचारा, ‘तुमचे नाव नकाशावर घालू का?’ नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर घाला, आणि खरे ते लिहा. मराठीतच लिहा. टाइप करता येत नसेल तर मोबाइलवरचे माइकचे चिन्ह दाबून बोला, तो अक्षरे उमटवतो. आजीने बोलावे, नातवाने पाठवावे. चांगले काय, कमी काय, भाव काय, वेळ काय, एवढे पुरे. चार ओळींना पाच मिनिटे लागतात.

भाऊसिंगजी रोडवर एका राजाने गाडी थांबवून जे केले, ते करायला आज राजा असावे लागत नाही. जिथे कुणी जात नाही तिथे जावे, चहा प्यावा, चांगला असेल तर चांगला म्हणावे, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे.